जर्सी जमा

आमचे सर मॅच चालू असताना जेवायचे. चेष्टा करत नाही. सेकंड हाफ सुरू झाला आणि ऊन गॅलरीच्या पाठीमागं उतरायला लागलं, की सर साईडलाईनवर उभ्या उभ्या कापडी पिशवीतनं डबा काढायचे. डाव्या तळव्यावर ज्वारीची भाकरी, भाकरीवर मुगाची उसळ, गळ्यात शिट्टी. समोर आम्ही जिवाच्या आकांतानं पळतोय आणि सर शांतपणे घास मोडतायत. तोंडात घास असताना बोलायचं नाही असं त्यांच्या आईनं शिकवलेलं, त्यामुळं सेकंड हाफमधल्या सगळ्या सूचना भाकरीच्या तुकड्यानं. तुकडा डावीकडं हलला की विंग बदलायची, वर गेला की पुढं चढायचं. एकदा आमचा हाफबॅक भाकरी वर गेलेली बघून पुढं चढला आणि मागं आमच्यावर गोल बसला. मॅच संपल्यावर सर त्याला म्हणाले, "आरं तम्मा, ती खूण नव्हती. कावळा हाकलत होतो."

कोल्हापूरच्या पब्लिकचं तोंड कुणी धरायचं? गॅलरीतनं हमखास आवाज यायचा, "ओ डबा सर, रस्सा वाढू काय?" सर मागं वळून हात जोडायचे आणि म्हणायचे, "नको पावणं, झालं माझं." डबा सर हे नाव तिथनंच पडलं. आम्ही पोरं तोंडावर सर म्हणायचो आणि पाठीमागं डबा. 

कारण अगदी साधं होतं. सर जैन, कर्नाटकच्या सीमेजवळच्या एका खेड्यातले, घरची शेती. सूर्य बुडाल्यावर ते अन्न सोडाच, पाण्याचा थेंबही घ्यायचे नाहीत. मॅच चारला सुरू व्हायची. संपून, पोरांना गोळा करून, कॉलेजच्या पाठीमागच्या भाड्याच्या खोलीवर पोचेपर्यंत दिवेलागण व्हायची. म्हणून काकू, म्हणजे सरांची बायको, दुपारीच डबा बांधून द्यायच्या. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. असल्या डब्यावर हा माणूस पन्नाशीच्या जवळ येऊनसुद्धा आम्हा विशीतल्या पोरांबरोबर मैदानाला बारा चकरा मारायचा आणि तेराव्या चकरेला आमचीच चेष्टा करायचा.

मी त्या कॉलेजच्या टीमचा गोलकीपर. एस. वाय. बी. कॉम.ला होतो, म्हणजे नव्वदीच्या दशकातली गोष्ट. सरांना मी शेवटचं बघितलं तेव्हा स्टेडियमच्या खांबामागं लपलो होतो. का लपलो, ते सांगायलाच तर बसलोय. पण आधी सर नीट सांगू दे.

सर शिवी द्यायचे नाहीत. कोल्हापुरात फुटबॉलचा कोच, आणि शिवी नाही! हे म्हणजे बिनमिठाचं मटण. बाकीचे कोच पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आमचे सर फार म्हणजे फारच चिडले तर म्हणायचे, "तू आज भात जास्त खाल्लायस." बस्स. पण ते असं काही बोलायचे की ऐकणाऱ्याला आपण जगायच्या लायकीचे नाही असं वाटायचं. कुणी वाद घालायला लागलं की, "साकु, साकु." साकु म्हणजे कानडीत पुरे, जसं तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. एकदा साकु म्हणाले की विषय संपला.

मैदानावर माझ्या गोलच्या डाव्या खांबाजवळ मुंग्यांचं वारूळ होतं. दुसऱ्या कुणी एक फावडं मारून मोकळं केलं असतं. सरांनी काय करावं? गोलचा खांबच दोन फूट सरकवला. महिनाभर मी वाकड्या गोलमध्ये प्रॅक्टिस केली. मी कुरकुर केली तर म्हणाले, "त्या मुंग्या आपल्या आधीपास्नं हाईत. आपुन पाहुणं." मुंग्या गेल्यावर खांब परत जागेवर आला. पण तोवर मला डावीकडं दोन फूट जास्त झेपावायची सवय लागली होती आणि त्या वर्षी डाव्या बाजूनं माझ्यावर एकपण गोल झाला नाही. सरांनी हे मुद्दाम केलं की मुंग्यांसाठी, मला आजतागायत कळलेलं नाही.

आता ट्रंकेचं सांगतो.

ज्याला कोल्हापूरचा फुटबॉल माहीत नाही त्याला एक गोष्ट सांगावी लागेल. इथं पोरगं आधी पेठेचं असतं, मग आईबापाचं. तालमीची, म्हणजे पेठेच्या मंडळाच्या टीमची, जर्सी अंगात घातली की सख्खा मावसभाऊसुद्धा समोरच्या पेठेत असला तर वैरी. आणि कॉलेजच्या टीममध्ये आम्ही अकरा पोरं, पाच पेठा. रविवारी एकमेकांच्या नडग्या फोडायच्या आणि सोमवारी एकमेकांना पास द्यायचा, हे व्हायचं कसं? आमचा कॅप्टन स्टॉपरला खेळायचा, म्हणजे बरोबर माझ्या पुढं. त्याची पेठ आणि माझी पेठ, विस्तवसुद्धा आडवा जाणार नाही अशी. तो काय करायचा, बॉल मला मागं द्यायच्या ऐवजी सरळ बाहेर मारायचा. थ्रो गेला तरी चालेल, पण ह्याच्या हातात बॉल द्यायचा नाही. मीपण साधा नव्हतो. मी किक मारताना त्याच्या टाळक्यावर नेम धरायचो.

सरांनी तीन मॅच हे निमूट बघितलं. चौथ्या दिवशी सायकलच्या कॅरियरला बांधून एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले. काकूंच्या लग्नातली ट्रंक. निळा रंग, झाकणावर गुलाबाची फुलं रंगवलेली. मैदानाच्या मधोमध ठेवली आणि म्हणाले, "उद्या येताना आपापल्या पेठेची जर्सी आणायची. स्पर्धा संपूस्तवर ती हितं ऱ्हाईल. ठेवताना 'जर्सी जमा' म्हणायचं. शेवटची मॅच झाली की माझ्या हातनं परत न्यायची."

कॅप्टन म्हणाला, "आणि मधी पेठेची मॅच असली तर?"

"तर येऊन मला सांगायचं. मी न्हाय म्हणणार न्हाय. जर्सी काढून दीन. पण त्या आठवड्यात कॉलेजकडनं दुसरं कोणतरी खेळंल. दोन ताटांत एका टायमाला जेवता येत न्हाय, तम्मा."

दुसऱ्या दिवशी जो तमाशा झाला! कुणाची जर्सी खाली आणि कुणाची वर, ह्यावरनं पोरं हातघाईवर आली. "आमची त्यांच्या खाली न्हाय ऱ्हायाची!" शेवटी सरांनी तासभर बसून सगळ्या जर्सींच्या घड्या घातल्या आणि पुस्तकं लावावीत तशा उभ्या लावल्या. तरी एकजण म्हणालाच, "सर, आमची त्यांच्या अंगाला घासती." सर म्हणाले, "घासू दे की. जर्सीला राग येत न्हाय. आलाच तर डांबराच्या गोळ्या टाकल्याती."

आम्ही पोट धरून हसलो. पण हसता हसता काहीतरी सैल झालं. पुढच्या मॅचला कॅप्टननं पहिल्यांदा बॉल डोक्यानं मला मागं दिला. तो इतका अनपेक्षित आला की माझ्या हातातनं सुटतासुटता राहिला. तो वळून म्हणाला, "धर की भावा, तुझ्यासाठीच दिलाय." आज हा माणूस माझा जिवलग आहे. माझ्या पोरीच्या बारशाला पाळणा त्यानं आणला.

त्याच दिवशी कुणीतरी सरांना विचारलं होतं, "सर, एखाद्यानं दुसरीच जर्सी आणून ठेवली तर? तपासा की." सर म्हणाले, "मी पोराचा शब्द तपासत न्हाय. तपासलं की पोरगं चुकवायला शिकतं. न्हाय तपासलं की ज्याचं त्याला सांभाळावं लागतं."

मला तेव्हा हे येडपटपणाचं वाटलं. आणि मी मनात हसलो, कारण ट्रंकेत पडलेली माझी जर्सी माझी नव्हतीच.

ती माझ्या थोरल्या भावाची होती. दादा आमच्या तालमीचा फॉरवर्ड, गुडघा गेल्यामुळं खेळ सुटलेला. त्याची अर्ध्या बाह्यांची जुनी जर्सी मी ट्रंकेत ठेवली आणि मोठ्यानं म्हणालो, "जर्सी जमा!" गोलकीपरची जर्सी पुऱ्या हाताची असते, कोपराला कापूस भरलेला असतो, रंगपण वेगळा. माझी पिवळी होती. ती घरी कपाटात. सरांनी दादाची जर्सी हातात घेतली, बाहीवरनं बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी न विचारताच सांगितलं, "गोलीची जर्सी तालमीची असती सर, मंडळाकडंच ऱ्हाते. माझी अशी हीच."

सर म्हणाले, "बरं." आणि घडी घालायला लागले.

असं का केलं? तालमीचा कारभार बघणाऱ्या अण्णांनी आधीच दम भरला होता. "गडहिंग्लजची फायनल आपुन गाठणार हाय. तू न्हाईस तर पेठ न्हाई. कॉलेजबिलेज गेलं चुलीत." सरांना सांगितलं असतं तर त्यांनी परवानगी दिली असती, पण त्या आठवड्यात कॉलेजकडनं दुसरा गोली खेळला असता. आणि पुढं गेलो तर त्याच आठवड्यात, गुरुवारी, कॉलेजची झोनची फायनल येणार होती. मला दोन्ही फायनल पाहिजे होत्या. दोन ताटं पाहिजे होती, दुसरं काय!

त्या फायनलवर सरांचं काय अवलंबून होतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सर नऊ वर्षं हंगामी होते. दर जूनला ऑर्डर यायची, एप्रिलला संपायची, आणि मे महिनाभर सर गावाकडं जाऊन वाट बघत बसायचे. त्या वर्षी संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी सरळ सांगितलं होतं, झोनची ढाल आणा, कायम करतो. नाही आली तर फुटबॉल बंद, मैदानावर कॉम्प्युटरची इमारत उभी राहणार. सरांनी ही गोष्ट आमच्यापासनं लपवली नाही. सगळ्यांना खाली बसवून म्हणाले, "ढाल आली तर मी ऱ्हातो. न्हाय आली तर मी जातो, तुम्ही ऱ्हाता. तुमचं कशातच नुकसान न्हाय. मोकळं खेळा."

रविवारी मी गडहिंग्लजला गेलो. सरांना निरोप पाठवला की मामाकडं पूजा आहे. पिवळी जर्सी घातली, खेळलो, जिंकलो. शेवटच्या दहा मिनिटांत एका फॉरवर्डच्या पायावर झेपावलो आणि उजव्या हाताचा अंगठा मागं मोडला. परत येताना जीपमध्ये पोरं नाचत होती आणि मी अंगठा दुसऱ्या मुठीत धरून बसलो होतो. तालमीतल्या वस्तादांनी तो ओढून बसवला, हळद बांधली, म्हणाले, पंधरा दिवस बॉलला हात लावू नको. माझ्याकडं चार होते.

सरांची एक पद्धत होती. मॅचच्या आधी प्रत्येक पोराचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन करकचून दाबायचे. काही बोलायचे नाहीत. गुरुवारी माझी पाळी आली तेव्हा मी उजव्या हातात हातमोजा चढवून तयार होतो. डावा पुढं केला. सर थांबले.

"उजवा?"

"मोजा घातलाय सर. परत काढायचा म्हणजे..."

"हात बरा हाय न्हवं?"

माझ्या मागं आमचा दुसरा गोली उभा होता. चांगला पोरगा होता, उंच होता. मी "न्हाय सर" एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द.

"बरा हाय सर."

"बरं," म्हणाले आणि माझा डावा हात दाबला.

आम्ही एक गोलनं पुढं होतो. सांगलीकडची टीम होती, जोरदार, पण कॅप्टन भिंतीसारखा उभा होता. मॅच संपायला पाच-सहा मिनिटं असतील. तिकडनं एक बॉल आला, अगदी साधा. पाचवीतल्या पोरानं अडवला असता असा, सरळ माझ्या छातीवर. मी दोन्ही हातांत घेतला आणि अंगठ्यातनं कळ अशी गेली की बोटं आपोआप उघडली. बॉल दोन पायांमधनं मागं गेला. मी वळून बघितलं तेव्हा तो जाळीपाशी हळूहळू थांबत होता.

बरोबरी. मग पेनल्टी. पेनल्टी सर बघायचे नाहीत, नेहमी पाठ करून उभे राहायचे आणि पब्लिकच्या ओरडण्यावरनं ओळखायचे. त्या दिवशीही पाठ केली. त्यांच्या हातात पिशवी तशीच होती. सेकंड हाफभर त्यांनी डबा उघडला नव्हता, हे मला तेव्हा दिसलं. मी सगळ्या पेनल्टींना डावीकडंच झेपावलो, कारण उजवा हात टेकवायची हिंमत नव्हती. त्यांच्या दुसऱ्याच पोराच्या ते ध्यानात आलं. मग पुढचे सगळे उजवीकडं मारत गेले.

हरलो. पोरं मैदानात पालथी पडून रडत होती. सर एकेकाला उठवत माझ्यापर्यंत आले. माझा उजवा मोजा त्यांनी स्वतः काढला. अंगठा वांग्यासारखा झालेला, हळदीचा पिवळा डाग तसाच. त्यांनी तो दाबला नाही, नुसता तळव्यावर घेतला.

"दुखतंय?"

"न्हाय सर."

"बरं."

सूर्य बुडाला होता. सरांनी पिशवीतनं डबा काढून माझ्या आणि कॅप्टनच्या मधे ठेवला. "खावा. मला आता चालत न्हाय." कॅप्टननं हात लावला नाही. मी खाल्ला. भूक लागली होती, खाल्ला. सर त्या दिवशी सकाळपासनं उपाशी होते आणि उपाशीच झोपले असणार, आणि त्यांची भाकरी मी खाल्ली. 

आठवड्यानं चेअरमनसाहेबांनी सरांना ऑफिसात बोलावलं. कॅप्टनला आणि मलाही. चेअरमन माझ्याकडं बघून सरांना म्हणाले, "हा पोरगा आधल्या रविवारी पेठेकडनं खेळला, असं कानावर आलंय. खरं हाय काय? खरं असेल तर ह्याचं नाव कमी करतो आणि तुमची ऑर्डर काढतो. पोरानं फसवलं, तुमचा काय दोष?"

इतकं सरळ होतं. मी एक शब्द बोललो असतो तर सर सुटले असते. ऑर्डर आली असती.

सर म्हणाले, "त्याची जर्सी माझ्या ट्रंकेत जमा हाय. त्यालाच विचारा."

चेअरमननी मला विचारलं. नाव कमी होणार म्हणजे वर्ष जाणार, वडील घरात घेणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं. सर माझ्याकडं बघत नव्हते, खिडकीतनं मैदानाकडं बघत होते. मी म्हणालो, "न्हाय साहेब. खेळलो न्हाय. जर्सी जमा हाय."

"मग असला गोल जातोच कसा? चूक कुणाची?"

"माझी," सर म्हणाले. "टीम लावायला मी चुकलो."

बाहेर आल्यावर कॅप्टन माझ्याशी बोलला नाही. पुढं सहा महिने बोलला नाही. पण सगळं ठाऊक असून त्यानंही चेअरमनना काही सांगितलं नाही, कारण सरांनी त्याला एकदाच म्हटलं होतं, "तुझं तू बोल. त्याचं त्याला बोलू दे. साकु."

जूनमध्ये ऑर्डर आली नाही. सर गगनबावड्याकडच्या एका शाळेत पी. टी.चे मास्तर म्हणून गेले. गगनबावड्याला! जिथं चार महिने मैदानाचं तळं होतं आणि धुक्यात हाताचं बोट दिसत नाही, तिथं हा माणूस फुटबॉल कुणाला आणि कसा शिकवणार? कॅप्टन एकदा भेटून आला. म्हणाला, व्हरांड्यात पोरांना बसवून जमिनीवर खडूनं मैदान काढतात आणि कवड्या सरकवून शिकवतात. पाऊस थांबला की अर्धा तास बाहेर. आमच्या मैदानावर मात्र वर्षभरात इमारत उभी राहिली. वारुळाची जागा जिन्याखाली गेली.

जायच्या आधी सरांनी सगळ्यांना जर्सी परत न्यायला बोलावलं होतं. सगळे गेले. सरांनी एकेकाच्या हातात जर्सी दिली, पाठीवर थाप मारली. मी गेलो नाही. दादाची जुनी जर्सी, राहिली तर राहिली, असं घरी म्हणालो. खरं म्हणजे त्या माणसाच्या हातातनं ती घ्यायची माझी छाती नव्हती.

मग वर्षं अशी गेली की काय सांगू. शाहूपुरीत मोटारींच्या स्पेअर पार्टचं दुकान टाकलं, लग्न झालं, पोरगी झाली. मधे कितीदा ठरवलं की गगनबावड्याला जाऊन पाय धरावेत. एस.टी.नं दीड-दोन तास. दोन तासांचा रस्ता मला बारा वर्षांत जमला नाही.

एकदा स्टेडियमवर मॅच बघायला गेलतो. सेकंड हाफ चालू होता. खालच्या पायरीवर एक म्हातारा पिशवीतनं डबा काढताना दिसला. केस पांढरे, पाठ वाकलेली, पण भाकरी तळव्यावर घ्यायची ढब तीच. पलीकडची पोरं हसत होती. सर जेवता जेवता भाकरीचा तुकडा डावीकडं हलवत होते, खाली मैदानात कुणी बघत नसताना. मी दहा पायऱ्या उतरलो. मग ते सहज मागं वळल्यासारखे झाले आणि मी खांबाच्या आड झालो. शेंगदाण्याची पुडी हातात धरून, दुकानाचा मालक, एका पोरीचा बाप, मी लपलो. ते जाईपर्यंत तिथंच उभा होतो. असला भेकड माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

सर गेल्याचा कॅप्टनचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. गावाकडं गेले, झोपेतच. कॅप्टन मातीला जाऊन आला. मला 'चल' म्हणाला नाही. मी पण 'येतो' म्हणालो नाही. महिन्यानं मात्र राहवलं नाही, एका सकाळी गाडी काढली आणि विचारत विचारत सीमेवरच्या त्या गावात पोचलो.

काकू अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. नाव सांगितलं. त्यांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "गोली न्हवं तुम्ही? या, बसा." पाणी दिलं, कपड्यानं गाळलेलं. सरांचं थोडं बोलल्या. मग न सांगता उठल्या आणि आतल्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीकडेला ती निळी ट्रंक. गुलाबाचा रंग उडाला होता. झाकण उघडल्याबरोबर डांबराच्या गोळ्यांचा वास आला, ताज्या गोळ्यांचा. आत काकूंच्या दोन वाकळा, आणि वाकळांच्या वर, घडी घालून, दादाची जर्सी.

"दर दिवाळीला उन्हात घालायचे," काकू म्हणाल्या. "गोळ्या बदलायचे. मी म्हणायची, देऊन टाका की पोस्टानं. तर म्हणायचे, ही त्याची न्हाय. ही अर्ध्या हाताची हाय. गोलीची पुऱ्या हाताची असती."

मी जर्सीच्या बाहीवरनं बोट फिरवलं. 

"म्हणजे पयल्या दिवसापास्नंच म्हाईत होतं त्यांना. मी म्हटलं, मग बोलला का न्हाईसा? तर म्हणायचे, त्यानं शब्द दिलाय जर्सी जमा म्हणून. आज न्हाय तर उद्या खरी आणून दील. पोरगं वाईट न्हाय." काकूंनी दादाची जर्सी उचलून बाजूला ठेवली आणि वाकळ सरकवून जागा केली. "आणलीसा?"

माझी पिवळी जर्सी. पुऱ्या हाताची, कोपराला कापूस भरलेली. खेळ सुटल्यावर ती मी दुकानात नेली होती. बरेच दिवस तिनं ग्रीसचे हात पुसले, मग दुकानातल्या पोरांनी तिच्या चिंध्या करून गाड्या पुसल्या, मग ती कचऱ्यात गेली. कधी गेली ते आठवतसुद्धा नाही.

काकू ट्रंकेचं झाकण धरून उभ्या होत्या. सांगायला हवं होतं. महिन्याभरापूर्वी गेलेल्या माणसाची बायको समोर उभी, आता तरी खरं बोलायला हवं होतं.

"घरी हाय काकू," मी म्हणालो. "आणतो. पुढच्या रविवारी आणतो."

"बरं," काकू म्हणाल्या आणि झाकण लावलं. नक्की का, असं विचारलं नाही. त्या घरात पोराचा शब्द तपासत नाहीत.